तीन पायांची गाठ

सुकाणू बदललं. एवढंच.
जुनं सरळ होतं, दारासारखं.
नव्याची कड पिळलेली, ओलं फडकं पिळून तसंच सोडावं तशी,
आणि मधोमध एक फुगवटा, प्रोपेलरच्या बुडख्याला नाक लावून.
बाकी 'लोम्विगा' जशीच्या तशी:
तोच सांगाडा, तोच नाळेचा उतार,
तीच एक कोटी चौदा लाख घरांची जाळी
जी मी फेब्रुवारीत सहा रात्री जागून विणली.

बार्दुर म्हणाला, मार्युन, सगळी उसवू नकोस.
यार्डाला शुक्रवारी आकडे हवेत.
सुकाणू तेवढं उपट, तेवढ्यापुरतं भर.

उपटलं.
पडद्यावर जहाजामागे भोक राहिलं,
जुन्याच्या मापाचं.
त्यात नवं बसवलं, जिथं शिरलं तिथं शिरलं,
आणि उरलेल्या फटींत घरं कोंबली, मावतील तशी.
शेजारच्यांना विचारलं नाही.
दोनशे बाराव्या फेरीला
पाणी बंदुकीच्या गोळीहून जोरात पळालं
आणि गणित फुटलं.
एका घराचं घनफळ निघालं उणे.
उणे!
आतलं बाहेर आलेलं घर,
घाईत काढलेल्या मोज्यासारखं.

दुपारी पाव घेऊन खाली धक्क्यावर गेले.
हानुसच्या शेडमध्ये हिरव्या नायलॉनचा डोंगर,
आणि त्याच्या पायथ्याशी तो, दातांत सुई धरून.
जाळं फाटलं होतं पंजाएवढं
आणि हा चाकूने भोवतीची धड घरं कापत होता.
एक. आणखी एक.
आता त्यातून माझं डोकं गेलं असतं.

धड ती कशाला कापतोस?

त्याने सुई काढली.
"ह्या गाठीला दोनच पाय उरलेत.
दोन पायांवरून विणायला सुरुवात होत नाही.
तीन पायांची मिळेपर्यंत मागे सरायचं."
सुई परत दातांत. मग पुन्हा बाहेर:
"तुझ्या त्या जहाजात माझी बायको ओकते.
त्याचं काही बघ."

वर आले. भोक वाढवलं.
जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.
सहातली एक अख्खी रात्र त्यात गेली असेल.
कुरतडलेला काठ संपून
रेखीव, धड घर लागेतो मागे सरले.
मग आतून बाहेर:
पोलादाला चिकटून बारा थर, कांद्याच्या सालीसारखे,
त्यावर कॉडच्या अंड्याएवढी घरं,
पुढचं प्रत्येक मागच्याहून पाचव्या हिश्शाने मोठं, जास्त नाही,
जुन्या जाळीशी पोचेतो तिच्याच मापाचं झालेलं.
काठावर बिंदूला बिंदू.
जोड दिसतो. दिसू दे.
हानुसच्या ठिगळाचा हिरवाही कुठे जुळतो?

दोनशे दहा.
दोनशे अकरा.
कॉफी उचलली नाही.
दोनशे बारा.
दोनशे तेरा, आणि रेघ उतरतेय,
कुरकुरत, मध्येच एक उसळी मारून, पण उतरतेय.

साडेचारला खिडकीखालून खरी 'लोम्विगा' सुटली
तिच्या त्याच जुन्या, सरळ सुकाणूवर,
मागे पाणी घुसळत, फाडत, जसं रोज.
वरच्या डेकवर हानुसची बायको,
पांढऱ्या कठड्याला धरून,
दुसऱ्या हातात घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी.