भाडेपावती

नऊ हजार.
आकडा बाबांनी ठरवला.
दोन एजंटांना विचारून आले,
आतल्या एका खोलीचे साडेनऊ म्हणाले ते,
त्यातले पाचशे बाबांनी कमी केले.
"पंखा खडखडतो," म्हणाले, "त्याचे."

ऑफिसचा मेल होता:
घरभाडे भत्ता हवा असेल तर करार, पावत्या,
घरमालकाचा पॅन.
घरमालकाशी नातं, असाही एक रकाना.
मी "वडील" लिहिलं
आणि कर्सर बराच वेळ त्या शब्दापुढे
लुकलुकत राहिला.

आईने नळ बंद केला.
"पोटच्या चेडवाकडसून भाडां घेतलास?"
बाबा म्हणाले, "तिचा टॅक्स वाचतो.
आणि घ्यायचंच तर नीट घेतो."

नीट म्हणजे
ऐरोलीच्या पोस्टात रेव्हेन्यू स्टॅम्प नव्हते
तर बसने वाशीला जाऊन आणले, पंचवीस.
नीट म्हणजे रोख नाही, खात्यातच.
नीट म्हणजे करार अकरा महिन्यांचा,
त्यातलं "मुदत संपताच जागा शांतपणे रिकामी करून देईन"
हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं,
चष्मा पुसला
आणि पुढचं मनात वाचलं.

आणि नीट म्हणजे पोलीस ठाणं.
भाडेकरूची माहिती द्यावी लागते, नियम आहे.
बाकावर आम्ही शेजारी शेजारी,
घरमालक दत्ताराम घाडीगावकर
आणि भाडेकरू प्रणोती, तीच.
हवालदार लिहीत होता.
सध्याचा पत्ता?
सेक्टर तीन, ऐरोली.
कायमचा पत्ता?
सेक्टर तीन, ऐरोली.
त्याने पेन खाली ठेवलं.
"मग भाडं कसलं, काका?"
बाबा फॉर्मकडे बघत म्हणाले,
"मधली आठ वर्षं ती घोडबंदरला होती."
हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.

सेक्रेटरी म्हात्रेकाका जिन्यात भेटले.
भाडेकरू ठेवलाय, म्हणजे सोसायटीचे जादा पैसे.
बाबा उपविधीचं पुस्तक घेऊन गेले,
घरच्या माणसाला ते लागत नाहीत, पान दाखवून आले.
मला गंमत वाटली:
पोलिसात मी भाडेकरू,
सोसायटीत घरची.
दोन्हीकडे बाबा खरंच बोलले होते.

जुलैत त्यांनी रिटर्न भरलं.
रबाळ्याच्या कंपनीला टाळं लागल्यापासून
त्यांनी भरलंच नव्हतं. भरायला होतं काय?
यंदा एका ओळीत आकडा होता.
घरभाड्यापासूनचं उत्पन्न.
कर शून्य आला, तरी त्यांनी दोन प्रती काढल्या,
एक फाइलला,
एक टीव्हीखालच्या खणात,
जिथे आई लग्नपत्रिका ठेवते.
दुधाचं बिल आता ते देतात.
आईच्या हातात पैसे ठेवताना काही बोलत नाहीत,
मोजतात मात्र दोनदा.

दिवाळीनंतर दोन महिने माझा पगार अडकला.
मी काही सांगायच्या आत
त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे लाल शाईत
बाकी, अठरा हजार.
त्या महिन्यांच्या पावत्या नाहीत.
आई म्हणाली, सोडून द्या हो.
ते म्हणाले, "मिळाला पगार की देईल ती."
आणि ताटात मला त्यांच्या वाटचा
सुरमईचा तुकडा वाढला, शेपटाकडचा नव्हे, मधला.

फेब्रुवारीत मी बाकी भरली.
बाबांनी त्या दिवसाची पावती केली,
स्टॅम्पवर तिरकी सही,
अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर,
कंपनीत गेटपासवर करायचे तशी.
मग स्टूल ओढलं, वर चढले,
मी खालून स्टूल धरलं.

मार्चच्या पावतीवर साडेनऊ हजार.
खाली बारीक अक्षरात:
पंखा नवीन.

त्या रात्री तो अजिबात खडखडला नाही.
मला झोप लागायला वेळ लागला.