नऊशे पड

उदगीरच्या एक्स्चेंजमध्ये कॅरियर रूमला खिडकी नव्हती.
खांबांवरून लातूरकडं निघालेल्या तांब्याच्या दोन तारा,
त्यांवर एकाच वेळी बारा बोलणी.
मी नवा होतो. विचारलं, मिसळत कशी नाहीत?

मकदूमभाईंनी पेन्सिल कानामागं खोचली.
"ज्वारीत तुरीचे तास टाकता ना तुम्ही?
तसंच. एकेक आवाज उचलायचा, वेगळ्या उंचीवर ठेवायचा.
चार हजार हर्ट्झचं एक वावर.
माणूस पेरतो एकतीसशे.
नऊशे पड.
तो धुरा. तिथं कुणी औत घालायचं नाही."

माझ्या वडलानं दीड हात धुऱ्यासाठी
कोर्टात अकरा वर्षं घातली होती.
मी गप्प बसलो.

डाळीचा भाव मराठीत, भालकीची सोयरीक कानडीत,
बोधनच्या ड्रायव्हरची तेलुगू शिवी, उर्दूत खैरियत.
तारेला भाषा कळायची नाही.
उंची तेवढी कळायची.

एका रात्री सातव्यात आठवा झिरपू लागला.
मी हेडफोन लावला, स्क्रूड्रायव्हर हातात.
आठव्यावर एक बाई, देवणीकडची असावी :
"जेवलास का?"
पलीकडं कुणी बोलेना.
"बरं, नको बोलू. मीटर पडतंय तर पडू दे."
मग नुसता श्वास.
सातव्यावरचा अडत्या ओरडला, "कोण हाय वो मधात?"

मी स्क्रू धरला.
मकदूमभाई म्हणाले, थांब.
गप्प बसणाऱ्यालाही पुरे चार हजारच लागतात.
संपू दे त्यांचं, मग आवळ.

पुढं पीसीएम आलं. उंची गेली, पाळी आली.
सेकंदाला आठ हजार वेळा प्रत्येकाची पाळी,
इतकी झटपट की जो तो समजतो, तार माझीच.
नव्या पोरांना मी नळाचं उदाहरण द्यायचो,
ती हसायची. आमच्या गल्लीत पाळी
बाराव्या दिवशी, तीही रात्री दोनला.

तांबं किलोवर गेलं.
मकदूमभाईंचा डावा कान गेला.
भेटायला गेलो की मी उजवीकडं बसतो.
कुकर, टीव्ही, नातीचा पाढा, सगळं त्या एका कानात,
आणि मी.

परवा त्यांना धुऱ्याचं सांगितलं, पहिल्यांदाच.
"मग? लागला निकाल?"
लागला. दीड हात आमच्याकडं आला.
"पेरला?"
नाही, म्हटलं.
तिथं तरोटा उगवतो.