पुस्तकात धरण फुटत नाही

रात्री साडेअकराला त्यांची सकाळची कॉफी सुरू होते.
इकडे वाडे वसाहतीत डासांची अगरबत्ती
आणि डळमळीत नेटवर्क,
जे जिन्याच्या चौथ्या पायरीवर बरं चालतं.
तिथे बसून मी ठरवते,
म्हणजे ठरवत नाही, टिपण लिहिते, तासाच्या हिशोबाने,
की नऊ खंडांच्या त्या जुन्या मांगाचा
सिनेमा हॉलिवूडने कुणाच्या हाती द्यावा.

गोष्ट थोडक्यात. त्यांना सगळं थोडक्यात लागतं.
धरणात गेलेलं गाव.
रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा.
रात्री त्याला पाण्याखालचं केंद्र लागतं.
काय ऐकू येतं ते चित्रकाराने लिहिलेलंच नाही.
बोलण्याचे फुगे आहेत, शेकड्यांनी,
आत कोरा कागद.

पहिल्याने एकोणीस पानांचा प्रस्ताव पाठवला,
सोळा पानं धरण फुटण्याची.
मी कळवलं, पुस्तकात धरण फुटत नाही.
उत्तर आलं, तीच तर उणीव आहे.

दुसरा भला माणूस, बोलताना गहिवरायचा.
त्याला फुग्यांत शब्द भरायचे होते
एखाद्या मोठ्या नटाच्या आवाजात,
शक्यतो मेलेल्या बापाच्या.
मग आणखी दोघे. एकाला पाऊस हवा होता, एकाला वाघ.

एका दुपारी आईने चौथा खंड उचलला
आणि मागून उघडला,
म्हणजे बरोबर उघडला.
मला ते जमायला आठवडा लागला होता.
तांबडी भाजी निवडता निवडता ती पानं उलटत गेली,
ओल्या बोटांनी, मी काही बोलले नाही.
एका पानावर थांबली:
ट्रक, ट्रकवर आडवी घातलेली दाराची चौकट,
खाली रस्त्यात एक कुत्रं.
"आमचं चढलंच नाही," म्हणाली.
एवढंच. मग परत भाजी.

यादीत शेवटी एक बाई होती.
एकच सिनेमा, तोही फारसा कुणी न पाहिलेला.
कॅमेरा बंद ठेवून हळू बोलली, मूल नुकतं झोपलं होतं.
प्रस्ताव नव्हता. तिने विचारलं,
चौथ्या खंडातल्या त्या कुत्र्याचं पुढे काय झालं,
चित्रकाराला विचारता येईल का?
चित्रकाराला जाऊन बारा वर्षं झाली, मी म्हटलं.
पण माझी आई आहे.

तिचं नाव मी वर घातलं.
"कारण" या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
खोडलं, परत लिहिलं.
शेवटी एक ओळ ठेवली:
ही बाई कोऱ्या जागेला हात लावणार नाही.

एप्रिलमध्ये निरोप आला, टिपण उत्तम होतं.
काम धरण फोडणाऱ्याला मिळालं.
माझे पैसे वेळेवर आले,
त्यांत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात साळावलीचं पाणी उतरलं,
तसे दरवर्षीसारखे आम्ही कुर्डीला गेलो.
तडे गेलेला गाळ, माडांचे काळे बुंधे,
सोमेश्वराकडून वरणाचा वास.
आई नव्या डोळ्याने पुढे, चपला हातात.
"थांब, तिथे नको, ती पुतळ्याबाईची न्हाणी.
दोन पावलं डावीकडे.
वाक जरा, दार ठेंगणं आहे.
हां. आता बस. चुलीकडे पाठ करू नकोस."
मी वाकले, उघड्या माळावर,
आणि बसले.

मावसभावाची बायको, रेश्मा, लग्नानंतर पहिल्यांदाच आलेली,
छत्री धरून दूर उभी होती,
फोटो काढावा की नाही या विचारात.
आईने तिला हाक मारली,
"वतांत कित्याक उबी रावल्या?
भितर यो."