सातवं कलम

अकरा दिवस तह अडला होता
एका क्रियापदावर.
त्यांच्या मसुद्यात, स्वराज्य ‘बहाल करण्यात येत आहे’.
सगुणबाब म्हणाले, बहाल नको. मान्य लिहा.
मी दुभाषी, घसा सुकलेला.
गव्हर्नर हसला, शब्दच तर आहे!

सगुणबाबांनी खिडकीतून
मांडवीच्या वरच्या अंगाला बोट केलं.
दिवाडीला आमच्या खाजनाला मानस आहे.
भरतीला दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
बाप माझा नुसत्या फळ्या बदलायचा.
नदीनं कधी त्याची परवानगी मागितली नाही.

हे त्यांच्या भाषेत कसं न्यायचं?
मी एवढंच म्हटलं, ‘दार’.

सह्या झाल्या. शब्द तोच राहिला.
परतीच्या गाझोलिनीत ते गप्प,
दिवाडीच्या धक्क्यावर पाय ठेवताना म्हणाले,
‘फळ्या कुजल्या असतील रे.’