डावखुरा

अक्कलकोटच्या अलीकडे, बोरी नदीच्या वळणाला
काळ्या पाषाणात एक खोली आहे.
छत इतकं खाली
की आत शिरताना मान आपोआप लवते,
देव मानत असा किंवा नसा.

मी टेपचं दुसरं टोक धरायला गेलो होतो.
तडवळकर साहेबांनी लिहिलं: शैव. यादवकाळ, बहुधा. अपूर्ण.
'बहुधा'खाली दोन रेघा.

दाराशी लेख, सव्वादोन ओळींचा.
कानडीतून मराठीत येता येता दगडच खपलीनं गळालेला.
एक शब्द लागला : 'तेलासाठी'.
कुणी दिलं, कुठल्या शेताचं,
दिवा किती वर्षं जळला,
खाली भुग्यात शोधा.

पुढचं भिंतीच सांगतात.
शेंदूर. त्यावर चुना. कोनाड्यात हिरव्या चादरीची चिंधी.
प्लेगात गाव रानात गेलं तेव्हा
इथं एक बाई बाळंत झाली म्हणतात;
तिच्या चुलीचं काजळ अजून छताला.
मग शेळ्या.
शेळ्यांचा काळ सगळ्यात मोठा.

दुपारी तिम्मव्वा टाकारीण सावलीला आली.
मिक्सर आल्यापासून
चार गावं हिंडावीत तेव्हा एक पाटा मिळतो.
पाणी प्याली, आणि भिंतीवरून हात फिरवला,
म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"डावखुरा हुता बगा."

साहेबांनी चष्मा काढला.

"टाकी डावीकडनं उतरलीया की.
हितवर एकच हात.
हितं बसून केलंय, गुडघं गेलं असत्याल.
आन् हितनं दुसरा. उजवा.
जोर लई, नेम न्हाई. पोरगं असंल."

"आणि बाप?"

ती बोलली नाही.
कोपऱ्यात बोट ठेवलं.
तिथं डाव्या खुणा उथळ होत गेलेल्या,
शेवटच्या तर नखानं ओढल्यासारख्या.

मग कनवटीची टाकी काढून
तिनं शेवटच्या खाचेत टोक टेकवलं.
"अहो, हात नका लावू, संरक्षित—"
साहेब थांबले. संरक्षित कुठं होतं ते.
तिनं हातोडी उचललीच नव्हती.
टोक बसलं.
"आमच्याच मापाची," म्हणाली, पदर झटकला,
"वागदरीला एक पाटा सांगितलाय."

ती नदीत उतरेपर्यंत आम्ही बघत राहिलो.
माझ्या हातातलं टोक कधी सुटलं कळलं नाही,
टेप सर्रकन आत गेला.

लांबी पुन्हा घ्यावी लागली.