तळवा

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराच्या नाक्यावर,
बंद एटीएमच्या पायरीला टेकून
निवृत्ती आगवणे बसतो.
मी नवा बूट पुढे केला, साडेचार हजारांचा.
त्यानं तो बाजूला ठेवला.
"जुना दाखव."

जुना पिशवीतच होता, फेकवत नव्हता.
त्यानं तळवा वर केला, अंगठा फिरवला.
उजव्या पायाच्या चवड्याखाली
रुपयाएवढा गोल गुळगुळीत झालेला.
टाच मात्र कोरी, दुकानातून आणल्यासारखी.
"चढाई करतेस. डावीकडं वळतेस.
टाच टेकवतच नाहीस."
सात वर्षं कबड्डी खेळतेय,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा नवा सरळ जाणाऱ्यांचा.
पामबीचवर पहाटे पळतात ना, त्यांचा.
उशीवर उभं राहून कुणी वळतं का?"
खरंच. घणसोलीच्या मॅटवर परवा
मी वळले, पाऊल वळलं,
बूट तिथंच विचार करत राहिला.
तेवढ्यात डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला.

गोठिवलीच्या मैदानात हे काहीच नव्हतं.
अनवाणी बोटं माती चिमटीत धरायची,
सोडायचीही बोटंच.

"मग घट्ट धरणारं रबर लावा," मी म्हटलं.
त्यानं आरी खाली ठेवली.
"तुझ्याबरोबर एक उंच मुलगी यायची. मढवींची."

चैताली.
तिच्या बुटानं मॅट सोडली नव्हती.
गुडघ्याच्या वरची ती वळली,
खालची नाही.
आवाज मी राखीव खेळाडूंच्या बाकावरून ऐकला होता,
वाळकी शेंग मोडावी तसा.

"तिचं रबर मीच लावलं होतं," तो म्हणाला,
आणि बराच वेळ रापीला धार देत बसला.

मग नव्याच्या टाचेचा थर उतरवला, बोटभर.
चवड्याखाली खडूनं एक गोल काढला, जरा वाकडाच,
आतल्या नक्षीच्या रेघा घासून टाकल्या,
कडेच्या तशाच ठेवल्या.
पैसे विचारले तर म्हणाला, चाळीस,
पण आधी वळून ये. नंतर दे.

रात्री सराव.
हूल दिली, वळले,
पायाखाली काहीतरी धरलं
आणि वेळेवर सुटलं.
कोपऱ्याच्या हातात नुसता वारा.

चैताली बाकावर होती, पाय लांब करून,
मोबाईलमध्ये डोकं.
मान वर न करताच म्हणाली,
"बुटाचा आवाज बदललाय तुझ्या."
मी सांगितलं कुणी केलं ते.

उद्या चाळीस रुपये द्यायला जायचंय.
तीही येते म्हणाली.
जिना उतरायला तिला वेळ लागतो,
म्हणून जरा लवकर निघू.