कायम

पहाटे पावणेचारला मी कळव्याच्या डोंगरावर चढतो,
खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी.
वस्तीत मलाच चावी म्हणतात.
"चावी आली का गं?"
"आली, आली, हंडे लाव."

खालच्या गल्लीला पंचवीस मिनिटं,
वळणावरच्या चाळीला अठरा,
टोकाला, पत्र्याच्या घरांना,
प्रेशर असेल तर बारा.
चेंबरचं झाकण सरकवून वाकतो,
साडेअकरा आटे,
आणि जमिनीखालून ते येताना ऐकू येतं,
आधी हवा,
मग खोकला,
मग पाणी.

वर्षावासात रविवारी विहारात जातो.
पंख्याखाली जागा मिळाली तर झोप लागते,
नाही मिळाली तर धम्म कानावर पडतो.
त्या रविवारी नाही मिळाली.

भन्ते म्हणाले, दुःखाचं मूळ तण्हा.
शेजारी द्रौपदाबाई, टोकाच्या घरातली, बारा मिनिटांची.
पुटपुटली, "तण्हा म्हंजी आपली तहानच की रे."
भन्त्यांना ऐकू गेलं. हसले.
हो, शब्द तोच,
झिजत झिजत तुमच्या हंड्यापर्यंत आलाय.

तिने हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"मग ती सोडायची कशी, भन्ते?
आमच्या आज्याला तळ्याला हात लावू देत नव्हते,
तवा तहान सोडा म्हणणारे पुष्कळ होते."

विहार गप्प. पंखा तेवढा बोलत राहिला.
भन्ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत,
त्यांना उत्तर पाठ नव्हतं, ते मला आवडलं.
मग म्हणाले, "घशाची तहान सोडायची नसते, बाई.
ती भागवायची, दुसऱ्याची आधी.
हंडा भरल्यावर जी लागते, ती बघा."

हंडा भरल्यावर जी लागते.
मला लगेच खालच्या गल्लीतले मोटारवाले आठवले,
लाइनीला पंप लावून टोकाचं पाणी ओढणारे,
ज्यांच्या टाक्या भरून गटारात वाहतात.
बरं वाटलं.
दुसऱ्याची तण्हा चटकन दिसते.

मी एकोणीस वर्षं कंत्राटावर.
अकरा महिने माझं नाव हजेरीपटावर जगतं,
बाराव्यात मरतं, पुन्हा जन्म घेतं,
नवा ठेकेदार, तोच फोटो.
'कायम' या एका शब्दासाठी मोर्चे काढले,
कोर्टाच्या तारखा धरल्या.
ते सोडणार नाही, सांगून ठेवतो. तो घसा आहे.

पण शेजारच्या झोनच्या सुदाम वाव्हळला
कायमची ऑर्डर मिळाली, त्याने पेढा दिला,
तो मी घरी नेतो म्हणून खिशात ठेवला
आणि विटाव्याच्या पुलावरून खाडीत टाकला.
त्याची चव घेतलीच नाही,
आणि सात वर्षं ती तोंडात आहे.

भन्ते पुढे सांगत होते, कायम असं काहीच नसतं.
मनात म्हटलं, हे आम्हाला लेखी कळवलंय, भन्ते,
दर अकरा महिन्यांनी.
एकटाच हसलो. बाईने चिमटा काढला.

सोमवारी व्हॉल्व्ह बंद करताना
शेवटचा आटा नेहमीसारखा रागाने आवळला नाही.
जुना व्हॉल्व्ह आवळून मारला की
मानेतून गळत राहतो दिवसभर,
हे हाताला माहीत होतं,
मला माहीत नव्हतं.

तिथेच बसून सुदामला फोन लावला.
म्हटलं, तुझा पेढा मी खाल्ला नव्हता.
तो झोपेतच होता.
"कसला पेढा?"
मी सांगितलं.
"वेडा आहेस का? सहा वाजता चहाला ये," म्हणाला,
आणि ठेवला.

सात वर्षं. कसला पेढा.

उजाडेपर्यंत झाकणावर बसून राहिलो.
खाली खाडी, तिच्यावर धूर की धुकं, कळेना.
चहाला गेलो.
टोकाला त्या दिवशी आठच मिनिटं पाणी आलं,
द्रौपदाबाईने मला शिव्या घातल्या, बरोबरच घातल्या.
प्रेशरचा अर्ज दिलाय.
कोर्टाची तारीख बावीसला.
जाणार आहे.